विश्लेषण : लग्नपत्रिकेतला ‘ट्रोजन’ आणि मांडवातला धवला... होमर किन्हवलीपर्यंत कसा पोहोचला?

लग्नसराई सुरू झाली की किन्हवली, सरळगाव, मुरबाड पट्ट्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आमंत्रणांबरोबर एक इशाराही फिरू लागतो. अनोळखी नंबरवरून आलेली लग्नपत्रिका उघडू नका. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नाही, ते अ‍ॅप आहे. अशा फाइलला सायबर पोलीस ‘ट्रोजन’ म्हणतात. हा शब्द जवळपास पावणेतीन हजार वर्षे जुन्या ग्रीक काव्यपरंपरेतून आला आहे.

ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘द ओडिसी’ या चित्रपटामुळे (जाहीर झालेली प्रदर्शनाची तारीख १७ जुलै २०२६) होमर हे नाव पुन्हा चर्चेत आले आहे. ओडिसियसच्या भूमिकेत मॅट डेमन आहे आणि संपूर्ण चित्रीकरण आयमॅक्स फिल्म कॅमेऱ्यांवर केल्याचा दावा आहे. पण होमरचा आपल्याशी संबंध तिकीट काढण्यापुरताच आहे का? शोधायला गेल्यावर तो भलत्याच ठिकाणी सापडतो.

‘ट्रोजन’ नेमके काय करते?

व्हायरस आणि ट्रोजन यांत फरक आहे. व्हायरस स्वतःच पसरतो. ट्रोजनला दार उघडून आत घ्यावे लागते, आणि ते दार फोनचा मालकच उघडतो. पत्रिकेवर बोट ठेवले की फोन आधी विचारतो, अनोळखी स्रोताचे अ‍ॅप टाकायचे का? आपण ‘होय’ म्हणतो. मग ते अ‍ॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि आपण तीही देतो. त्यानंतर बँकेचा ओटीपी आपल्याआधी दुसरीकडे कोणी तरी वाचतो, आणि तीच ‘पत्रिका’ आपल्या नावाने आपल्या नातेवाइकांना जाऊ लागते. वाहतूक चलनाच्या नावाने येणाऱ्या एपीकेची पद्धतही हीच. (पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.)

संगणकाच्या जगात हा शब्द १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आला. अमेरिकी लष्करी संगणकांच्या सुरक्षेवर तेव्हा जे अहवाल लिहिले गेले, त्यांत ‘ट्रोजन हॉर्स’ ही संज्ञा दिसते. इंजिनीअरिंगला आम्हाला नेटवर्क सिक्युरिटीच्या पेपरात यावर टीप लिहावी लागे. व्याख्या सगळ्यांना पाठ होती. घोडा कोणाचा होता, हे आमच्या बॅचमध्ये कोणी विचारले नाही, मीही नाही.

घोडा ‘इलियड’मध्ये आहे का?

नाही. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. ‘इलियड’ सुमारे १५,७०० ओळींचे आहे, पण त्यात ट्रॉयचे दहा वर्षांचे युद्ध नाही. शेवटच्या वर्षातले जेमतेम ५० दिवस आहेत. अकिलीस या योद्ध्याच्या रागापासून ते सुरू होते आणि ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यविधीवर थांबते. तोपर्यंत ट्रॉय पडलेले नाही, घोडा बांधलेला नाही, अकिलीसही जिवंत आहे. त्याच्या टाचेची प्रसिद्ध गोष्ट होमरमध्ये नाहीच. ती फार नंतरच्या लेखकांकडून येते.

घोड्याची गोष्ट ‘ओडिसी’मध्ये येते, आणि तीही गाण्यातून. वादळात सगळे गमावलेला ओडिसियस एका परक्या राजाच्या दरबारात जेवायला बसला आहे. डेमोडोकस नावाचा अंध गायक तिथे गातो आहे. ओडिसियस त्याला घोड्याचा प्रसंग गायला सांगतो. हा पाहुणाच तो ओडिसियस, हे गायकाला माहीत नाही. गाण्यातले ट्रॉयवासी घोडा स्वतः ओढून किल्ल्यात नेतात, त्याच्याभोवती बसून वाद घालतात. त्यांच्यापुढे तीन पर्याय आहेत: लाकूड फोडून बघायचे, कड्यावरून ढकलून द्यायचे, की देवाला वाहिलेली वस्तू म्हणून ठेवून घ्यायचे. ते तिसरा निवडतात. गाणे संपता संपता ओडिसियस रडू लागतो.

आलेली फाइल उघडण्याआधी आपल्यासमोरही साधारण हेच तीन पर्याय असतात. लग्नाच्या आमंत्रणाला नाही म्हणायचे कसे, म्हणून आपणही बहुधा तिसराच निवडतो.

मग हे शब्द आपल्याकडे कुठे कुठे आहेत?

यादी मोठी आहे, थोडक्यात सांगतो. कॉलेजात जे ‘मेंटॉर’ नेमले जातात, ते नाव ‘ओडिसी’तल्या एका वृद्ध मित्राचे. ‘मार्गदर्शक’ हा अर्थ त्याला १६९९ मधल्या एका फ्रेंच कादंबरीने चिकटवला. रुग्णवाहिकेचा ‘सायरन’ हा गाऊन खलाशांना मृत्यूकडे ओढणाऱ्या ‘सायरेन’वरून आला. १८१९ मध्ये एका फ्रेंच संशोधकाने आवाजाचे यंत्र बनवले, ते पाण्याखालीही वाजायचे, म्हणून त्याला हे नाव मिळाले. आज तो आवाज ऐकून माणसे बाजूला होतात, म्हणजे अर्थ अगदी उलटा झाला. रस्त्यावर दिसणाऱ्या ‘हेक्टर’ गाडीचे नाव त्या ट्रॉयच्या राजपुत्राचेच. आणि भिवंडी-पडघ्याच्या गोदामांत पाळी करणारी आपल्याकडची मुले ज्या ‘अ‍ॅमेझॉन’चे खोके उचलतात, त्या कंपनीला दक्षिण अमेरिकेतल्या नदीचे नाव आहे. नदीला ते नाव ग्रीक कथांतल्या लढवय्या स्त्रियांवरून पडले आणि त्या स्त्रियांचा उल्लेख ‘इलियड’मध्ये आहे.

अशी यादी वाचायला गंमत येते, पण तिच्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. शब्द प्रवास करतात. माणसे आणि गाणी प्रवास करतात का, हा त्याहून मोठा प्रश्न.

ग्रीक या भागात खरोखर आले होते का?

आले होते, आणि त्याचे पुरावे घराजवळ आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले ‘पेरिप्लस’ नावाचे व्यापारी माहितीपुस्तक आहे. त्यात ‘कॅलिएना’ आणि ‘सुप्पारा’ ही बंदरे येतात, म्हणजे आपले कल्याण आणि नालासोपारा. कल्याणला चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहारा लावून भडोचला पाठवली जातात, अशी तक्रारही त्यात आहे. कल्याणहून घाटावर जाणारा जुना मार्ग मुरबाड तालुक्यातून नाणेघाटात चढतो. तिथे सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. घाट चढून गेले की जुन्नर. तिथल्या लेण्यांत ‘यवन’ म्हणवणाऱ्या तीन दात्यांचे लेख आहेत. त्यातल्या इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी कोरून दिली. (मुंबईला पाणी पुरवणारी धरणे उशाशी असून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या शहापूरकरांना या देणगीची किंमत सांगायला नको.) ‘यवन’ म्हणजे दर वेळी ग्रीकच असे नाही, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण समुद्रापलीकडचे लोक या वाटेने येत-जात होते, यावर नाही.

कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती सापडली. ओडिसियसला दहा वर्षे घरी पोहोचू न देणारा देव तो हाच. समुद्रापासून इतक्या आत ती मूर्ती आली ती व्यापाऱ्यांच्या वाटेनेच. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाची आहे.

गाण्यांचे काय? पहिल्या शतकातला ग्रीक वक्ता डिओ क्रिसोस्टम म्हणतो, भारतातले लोकही होमरची काव्ये आपल्या भाषेत गातात म्हणे. अभ्यासकांच्या मते, त्याच्या कानावर महाभारताची बातमी गेली असावी. इतकी मोठी युद्धकथा गाऊन सांगतात म्हणजे ती होमरचीच असणार, असे त्याला वाटले. चूक मोठी आहे, पण तिच्यात एक खरी गोष्ट दडली आहे. दोन्हीकडे काव्य वाचले जात नव्हते, गायले जात होते.

पंधरा हजार ओळी पाठ कशा राहत?

हा प्रश्न अभ्यासकांना दोनशे वर्षे छळत होता. लिहिता न येणारा गायक एवढे पाठ कसे करील? उत्तर ग्रीसमध्ये नाही, शेजारच्या युगोस्लाव्हियात सापडले.

मिल्मन पॅरी हा अमेरिकी अभ्यासक १९३३ ते १९३५ या काळात तिथल्या खेड्यांत फिरला. ‘गुसले’ नावाचे एकतारी वाद्य घेऊन गाणारे गायक तिथे होते. रमजानच्या रात्री कॉफीच्या दुकानांत ते तासन् तास वीरकथा गात. पॅरीने खास यंत्र बनवून घेतले होते. त्याला दोन तबकड्या होत्या. एक भरत आली की दुसरी सुरू, म्हणजे गाणे तुटत नसे. अशा साडेतीन हजारांहून अधिक अ‍ॅल्युमिनियमच्या तबकड्या त्याने भरल्या. त्या आजही हार्वर्ड विद्यापीठात आहेत.

त्याला भेटलेला सर्वांत मोठा गायक म्हणजे अवदो मेजेदोविच. धंद्याने खाटीक, लिहिता-वाचता येत नव्हते. त्याने १२ हजारांहून जास्त ओळींचे एक काव्य सांगितले, म्हणजे जवळजवळ ‘ओडिसी’एवढे. पॅरीने त्याची एक परीक्षाही घेतली. दुसऱ्या गायकाला अवदोने कधीच न ऐकलेली कथा गायला लावली. ती २,२९४ ओळींची झाली. संपल्यावर अवदोला विचारले, तुम्ही गाल का? तो बसला आणि तीच कथा ६,३१३ ओळींत गायली. प्रसंग तेच, पण माणसांच्या मनात काय चालले आहे, घोडा कसा सजवला, पत्र घेऊन कोण गेला, हे सगळे भरलेले.

पाठांतर असते तर हे शक्यच नव्हते. गायक पाठ करत नाही, तो त्या क्षणी रचतो. त्यासाठी त्याच्याकडे दोन गोष्टी तयार असतात. एक, छंदात नेमके बसणारे शब्दसमूह. होमरमध्ये अकिलीस ‘चपळ पायांचा’ आहे, सभेत बसलेला असतानाही. कारण ओळीत तेवढी जागा भरायची असते. दोन, ठरलेले प्रसंग: चिलखत चढवणे, पाहुण्याला जेवू घालणे, सभा भरणे. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल. दर वेळी नवा कोड लिहायचा नसतो, तयार फंक्शन हाताशी असतात, त्यांची जुळणी तिथल्या तिथे होते.

पॅरी १९३५ च्या डिसेंबरमध्ये अवघ्या ३३ व्या वर्षी गेला. त्याचा सहकारी अल्बर्ट लॉर्ड याने १९६० मध्ये पुस्तक लिहून हे काम जगापुढे ठेवले. होमर नावाचा एकच माणूस होता का, त्याने स्वतः लिहिले की सांगून लिहवले, हे वाद आजही सुरू आहेत. पण ही काव्ये गाणाऱ्यांच्या परंपरेतून आली, हे आता बहुतेक सर्वांना मान्य आहे.

याचा किन्हवलीच्या मांडवाशी काय संबंध?

ठाणे-रायगडच्या आगरी लग्नांत भटजींच्या आधीपासून मान आहे तो धवलारणीचा. ती धवला गाते आणि विधी पुढे सरकतो. मांडव, हळद, लग्न, प्रत्येकाचे गाणे वेगळे. वारली समाजात हेच काम धवलेरी करते. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. गावदेवीपासून कुलदैवतापर्यंत एकेका देवाला नाव घेऊन बोलवायचे, कोणी राहता कामा नये. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात कोणत्या गावाहून किती जहाजे आली, याची शेकडो ओळींची यादी आहे. कॉलेजात ती वाचणारे कंटाळतात. मांडवात देवांची यादी ऐकलेल्या माणसाला ती का आहे ते कळते. ज्याचे नाव आले नाही, तो रुसणार.

आणि ही परंपरा कालपरवाची नाही. मराठीतली पहिली कवयित्री मानली जाणारी महदंबा. १३ व्या शतकात तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नावर रचले ते ‘धवळे’च. म्हणजे लग्नात गायचा हा प्रकार तेव्हाही रुळलेला होता.

इथे एक सावधगिरी हवी. धवला म्हणजे ‘इलियड’ नव्हे. तो विधीचा भाग आहे, त्यात युद्धकथा नाही. सलग कथा गाणारी परंपरा हवी असेल तर घांगळीच्या साथीवर कणसरी देवीची कथा गाणारे वारली भगत, थाळीवर काडी उभी करून तिच्या नादात कथा सांगणारे कोकणा गायक किंवा बिरोबाची ओवी गाणारे धनगर यांच्याकडे जावे लागेल. धनगरांच्या ओव्या गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने वर्षानुवर्षे फिरून ध्वनिमुद्रित केल्या. पण रचण्याची रीत बघितली तर धवला आणि होमर फार लांब नाहीत.

गेल्या मे महिन्यात किन्हवलीजवळच्या एका हळदीला गेलो होतो. डीजे इतका मोठा की ताटातली वाटी थरथरत होती. साडेदहाच्या सुमारास जनरेटर बंद पडला आणि कोपऱ्यात बसलेल्या आजींचा आवाज अचानक ऐकू आला. त्या मघापासून गातच होत्या, कोणाला ऐकू येत नव्हते इतकेच. मी फोन काढून रेकॉर्ड केले. सात-आठ मिनिटांत जनरेटर सुरू झाला आणि पुढचे सगळे डीजेत बुडाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन राहिलेला भाग पुन्हा गायची विनंती केली. त्यांनी सुरुवातीपासून गायले. मी दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी ठेवून ऐकली. देवांचा क्रम तोच होता, पण मधल्या ओळी बदलल्या होत्या, एक प्रसंग लांबला होता, एक गाळला गेला होता. हे वेगळे आहे ना, असे मी विचारले. त्या ठाम होत्या, जराही वेगळे नाही, आईकडून घेतले तेच आहे. पॅरी आणि लॉर्डला युगोस्लाव्हियातल्या गायकांनी अगदी हेच सांगितले होते, शब्दन् शब्द तोच आहे म्हणून. ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या लेखी गाणे म्हणजे शब्द नव्हतेच.

त्यांच्या सुनेला धवला येत नाही. नातीला आजीचा आवाज आवडतो, पण तिच्या रीलला ३० सेकंद पुरतात.

लिहून ठेवले की वाचते का?

होमर वाचला कारण ग्रीकांकडे नेमक्या त्याच काळात लिपी आली. इटलीजवळच्या एका बेटावर इसवी सनपूर्व आठव्या शतकातला एक मातीचा पेला सापडला. त्यावर कोरलेल्या तीन ओळींत ‘नेस्टरच्या पेल्या’चा उल्लेख आहे. नेस्टर हे ‘इलियड’मधले पात्र. म्हणजे लिपी नवी होती तेव्हाच लोक तिच्यात काव्य आणि थट्टा लिहू लागले होते. पण ‘इलियड’ची आज वापरली जाणारी सर्वांत महत्त्वाची संपूर्ण हस्तलिखित प्रत १० व्या शतकातली आहे. मधली जवळपास सतराशे वर्षे कोणी ना कोणी ती उतरवत राहिले.

लिहिल्यानेही प्रश्न संपत नाहीत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू केले, ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली, आणि एकच ‘मूळ’ प्रत कधीच हाती लागणार नाही, हेही त्यातून स्पष्ट झाले. पण ती आवृत्ती होती म्हणून इरावती कर्वे ‘युगान्त’ लिहू शकल्या आणि गांधारी, कुंती, द्रौपदी आपल्याला वेगळ्या दिसल्या. होमरचेही तसेच. एमिली विल्सन यांचे ‘ओडिसी’चे भाषांतर २०१७ मध्ये आले. इंग्रजीत स्त्रीने केलेले ते पहिले प्रकाशित संपूर्ण भाषांतर. ओडिसियस घरी आल्यावर ज्यांना फाशी दिली जाते, त्या ‘मोलकरणी’ नव्हत्या, गुलाम होत्या, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहिले. नव्याने वाचायला आधी काही तरी शिल्लक असावे लागते.

महाराष्ट्रात गाणी जपण्याचे मोठे काम झालेच नाही असे नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तीन हजारांहून अधिक बायका, एक लाखाहून अधिक ओव्या. आज त्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’च्या संकेतस्थळावर वाचता येतात, अनेक ऐकताही येतात. जाती घरांतून गेली तरी ओव्या उरल्या, त्या यामुळे. धवल्यासाठी एवढ्या प्रमाणावर काही झालेले माझ्या पाहण्यात नाही.

फोनवर काय करता येईल?

पॅरीला यंत्र गाडीत घालून न्यावे लागले होते. आपल्या खिशातला फोन त्याहून कितीतरी चांगला आवाज टिपतो. अडचण वेगळीच आहे. आपण ३० सेकंद टिपतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. तिथे आवाज दाबला जातो, फाइलवर गायिकेचे नाव नसते, गाव नसते.

घरात कोणी धवला गाणारे असेल तर एवढे करा. आधी त्यांना विचारा. काही गाणी विधीबाहेर गायची नसतात, तिथे थांबा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा. गाणे मध्ये न तोडता पूर्ण घ्या. सुरुवातीलाच मोठ्याने बोला: तारीख, गाव, गाणाऱ्यांचे नाव, त्यांनी ते कोणाकडून घेतले, गाणे कोणत्या विधीचे. एकदा घेऊन थांबू नका, दुसऱ्या लग्नात पुन्हा घ्या, कारण ते वेगळे असेल. फाइल पाठवायची झाली तर ‘ऑडिओ’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ती दाबली जात नाही. शिवाय एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा.

त्या आजींच्या दोन रेकॉर्डिंगपैकी दुसरे ४१ मिनिटांचे आहे. त्यांच्या नातीला ते पाठवले, तेव्हा तिने आधी फोन करून खात्री केली की फाइल मीच पाठवली आहे.